लहान मुलांस घरी फ्रेंच शिकविताना : चित्रफितींचा उपयोग व मर्यादा

स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक एखादा लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळींची आज्ञा झाली. विषय मी निवडला तो वरीलप्रमाणे. तो वाचून पुष्कळांस हसू येईल, याची मला कल्पना आहे. जोयड्यासारख्या रानातील तालुक्यात, जेथे पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते आणि मोबाईलचा संपर्क साधावयाचा तर टेकडी चढावी लागते, तेथे फ्रेंच भाषेचे काय काम, असा प्रश्न कोणीही विचारील. तो प्रश्न योग्यच आहे. परंतु आपल्याच एका घरावर ही वेळ आली, आणि त्या निमित्ताने लहान मुले परकी भाषा कशी शिकतात यासंबंधी मला जे शिकावयास मिळाले, ते कोणत्याही भाषेस लागू पडणारे आहे. म्हणून वाचकांनी 'फ्रेंच' या शब्दाने बिचकू नये, अशी विनंती आहे.

तसे पाहिले तर आपल्या तालुक्यास भाषांचे नावीन्य नाही. येथील मूल घरात कोकणी, कुणबी बोली, मराठी किंवा आमच्यासारखी दख्खनी बोलते. बाजारात व कचेरीत कन्नड ऐकते. आणि शाळेत त्याच्यापुढे इंग्रजीचे पुस्तक येते. माणसे हलली की त्यांच्या मुलांच्या भाषाही हलतात, हेही आपण पाहिले आहे. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, आणि तेथील कितीतरी कुटुंबे रामनगरास जाऊन राहिली. आमच्या बहिणीचे कुटुंब मात्र रामनगरास न जाता कॅनडातील माँट्रियल शहरी जावयाचे होते, इतकाच काय तो फरक.

प्रसंग कसा आला

माझे मेहुणे २०२२ साली कायम रहिवासाचा परवाना घेऊन माँट्रियलला गेले. घराची व्यवस्था लागेपर्यंत बहीण व तिची दोन मुले आमच्याकडे राहिली. भाची तेव्हा पाच वर्षांची व भाचा तीन वर्षांचा होता. इंग्रजी थोडेफार येते, तेवढ्यावर निभावेल, असा आम्हां सर्वांचा समज होता. पुढच्या वर्षी मेहुण्यांचे पत्र आले, त्यात खुलासा होता. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तेथील राजभाषा फ्रेंच. तेथे १९७७ साली झालेल्या भाषाविषयक कायद्यान्वये बाहेरून कायमचे राहावयास आलेल्यांच्या मुलांनी, काही अपवाद वगळता, माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत फ्रेंच शाळेतच शिकले पाहिजे. नव्याने आलेल्या मुलांसाठी तेथे स्वागतवर्ग असतात व त्यांत आधी भाषाच शिकवितात. तरी पहिल्या दिवशी मुलांस 'पाणी पाहिजे' एवढेही सांगता आले नाही तर त्यांची काय अवस्था होईल, ही काळजी बापाच्या पत्रातून दिसत होती.

आमच्या हाती एक वर्ष होते. फ्रेंच शिकविणारा माणूस पन्नास कोसांत नाही. 'आलियाँस फ्राँसेझ' या १८८३ साली पॅरिसला स्थापन झालेल्या संस्थेची शाखा पणजीस आहे, पुण्यास आहे, बंगळूरलाही आहे. परंतु चार वर्षांच्या मुलास घेऊन आठवड्यास दोनदा घाट उतरणे शक्य नव्हते. मला स्वतःला फ्रेंचचे अक्षर येत नव्हते. उरला तो एकच मार्ग, इंटरनेटवरील चित्रफितींचा.

पहिल्या दोन महिन्यांतील चूक

येथे मी माझी चूक सांगतो, कारण हीच चूक आपल्यापैकी पुष्कळ घरांत रोज होत असावी. मुलांच्या फ्रेंच गाण्यांच्या व गोष्टींच्या चित्रफिती मी शोधून दिल्या, मोबाईल भाचीच्या हाती दिला, आणि मी उत्तरपत्रिका तपासावयास बसलो. मुले शांत बसत. बहिणीस स्वयंपाकास मोकळीक मिळे. रोज तास-सव्वा तास हा 'अभ्यास' चाले. दोन महिन्यांनी मुले चार-पाच गाणी घडाघडा म्हणू लागली. शेजारीपाजारी कौतुक करू लागले. आमची अम्मा तेवढी म्हणे, "क्या बोलते की ये!"

तिच्या या बोलण्यावरूनच मी एके दिवशी भाचीस विचारले, "बेटा, या गाण्याचा अर्थ काय?" तिने माझ्याकडे पाहिले व पुन्हा तेच गाणे म्हटले. मी पाण्याचा पेला पुढे धरून विचारले, "याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?" उत्तर नाही. पाण्यासंबंधीची चित्रफीत तिने निदान तीस वेळा पाहिली होती. भाचा तर याहून पुढे गेला होता. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होई, आणि तासाभराने तो भलत्याच भाषेतील खेळण्यांच्या जाहिराती पाहात बसलेला सापडे. मोबाईल काढून घेतला की तो आकांत करी. दोन महिन्यांत मुलांनी फ्रेंचचे सूर उचलले होते. भाषा मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

संशोधक काय सांगतात

शिक्षकाच्या सवयीने मी याचे कारण शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की, यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील सिॲटल येथील विदुषी पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांस चिनी भाषा ऐकविण्यात आली. काही बालकांसमोर चिनी बाई प्रत्यक्ष बसून खेळणी दाखवीत व गोष्टी वाचीत. काहींस तेच सारे पडद्यावर दाखविले. काहींस नुसता आवाज ऐकविला. अशा बारा बैठका झाल्या. प्रत्यक्ष माणूस ज्यांच्यासमोर होता, त्या बालकांस चिनी ध्वनींतील बारीक भेद ओळखता येऊ लागले. पडदा पाहणाऱ्या व आवाज ऐकणाऱ्या बालकांस काहीच लाभ झाला नाही.

२०१० साली ज्यूडी डिलोश यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांवर असाच प्रयोग केला. शब्द शिकविणारी म्हणून विकली जाणारी चित्रफीत चार आठवडे पाहूनही मुले ती न पाहणाऱ्यांपेक्षा अधिक शब्द शिकली नाहीत. ज्या आईबापांनी चित्रफीत न लावता रोजच्या व्यवहारात तेच शब्द शिकविले, त्यांची मुले सर्वांत पुढे गेली.

मग पडदा सर्वस्वी निरुपयोगी समजावयाचा काय? तसे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले नवी क्रियापदे आधी भरून ठेवलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. परंतु व्हिडिओ कॉलवर समोरची व्यक्ती त्यांच्याशी बोलत होती, त्यांच्या उत्तराची वाट पाहात होती, तेव्हा ती शिकली. पडदा तोच होता. एका पडद्यावरील माणूस मुलास उत्तर देत होता, दुसऱ्यावरील देत नव्हता.

माझी मुले याहून मोठी होती. चार-सहा वर्षांचे मूल चांगल्या चित्रफितीवरून काही शब्द निश्चित उचलते. परंतु त्याच्याजवळ बसून कोणी विचारणारे असले तर ते पुष्कळच अधिक उचलते. यावरून मला जे कळले ते असे : घरात जो उच्चार नाही, तो चित्रफीत आणून देते, त्या उच्चारास अर्थ जोडून देण्याचे काम घरातील माणसाचेच आहे. मला फ्रेंच येत नव्हते, ही अडचण नव्हती. मी मुलांजवळ बसत नव्हतो, ही अडचण होती.

आपल्या बोलींचे भांडवल

त्या दिवसापासून मीही मुलांबरोबर विद्यार्थी झालो. मेहुणे माँट्रियलला फ्रेंचच्या वर्गास जात होते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते आमचे उच्चार तपासू लागले. तेव्हा एक आनंदाची गोष्ट ध्यानात आली. फ्रेंच ही इंग्रजांच्या मुलांस जितकी अवघड, तितकी ती आपल्या मुलांस नाही.

फ्रेंच भाषेत अनुनासिक स्वर फार. इंग्रज मुलाची तेथे त्रेधा उडते. कोकणीत 'हांव' म्हणणाऱ्या व दख्खनीत 'माँ', 'कहाँ' म्हणणाऱ्या मुलास ते नाकातले स्वर जन्मतःच परिचित असतात. फ्रेंच त व द हे आपल्या त व द सारखे दंत्य आहेत, इंग्रजांच्या टी व डी सारखे नव्हेत. प, त, क हे वर्णही आपल्यासारखेच, श्वासाचा झटका न देता उच्चारावयाचे. फ्रेंच र हा जिभेच्या शेंड्याने नव्हे, तर घशाच्या तोंडाशी उच्चारतात. मराठी शाळेतील मुलास तो जड जाईल. परंतु उर्दूतील 'ग़ैन' ज्यास येतो, 'बाग़' हा शब्द जो नीट म्हणतो, त्यास त्या र ची वाट सापडलेलीच आहे. त आणि प यांच्या शेजारी तोच र थोडासा 'ख़' कडे झुकतो. आमच्या अम्मास आयुष्यात शाळा माहीत नाही, पण हा र तिने पहिल्या दिवशी बिनचूक काढला, आणि मुलांनी तो तिच्याकडून उचलला. फ्रेंच झ म्हणजे आपला श. फक्त तो म्हणताना घशातून नाद काढावयाचा.

जड जाणारा ध्वनी एकच निघाला. ओठ 'ऊ' साठी करावे तसे गोल करावयाचे आणि जिभेने 'ई' म्हणावयाचे. चंद्रास फ्रेंचमध्ये 'ल्यून' म्हणतात, त्यातला स्वर हाच. आम्ही आरशासमोर उभे राहून शिट्टी वाजविल्यासारखे ओठ करीत असू. मुलांस तो खेळच वाटे.

शब्दांतही नाते आहे. फ्रेंचमध्ये जवळच्या माणसास एकेरी संबोधन आपल्या 'तू' चेच भावंड आहे, आणि वडीलधाऱ्यास 'व्हू' म्हणतात, जसे आपण 'तुम्ही' म्हणतो. शिक्षकास 'तू' म्हणू नये, हे आपल्या मुलांस वेगळे शिकवावे लागले नाही. दोन, तीन, सात, नऊ, दहा हे आकडे व त्यांचे फ्रेंच शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. दंत व त्यांचा 'दाँ' हेही तसेच.

व्याकरणातील लिंगाचा विचार मात्र जपून करावा लागतो. निर्जीव वस्तूस लिंग असते, हे आपल्या मुलांस नवे नाही. पण ते लिंग प्रत्येक भाषेत निराळे पडते. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, उर्दूत किताब स्त्रीलिंगी, आणि फ्रेंचमध्ये 'ल लीव्र' पुल्लिंगी. घर मराठीत नपुंसकलिंगी, उर्दूत पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये 'ला मेज़ों' स्त्रीलिंगी. खुर्ची तेवढी तिन्हीकडे स्त्रीलिंगी निघाली. म्हणून नाम कधीही सुटे शिकवू नये. पुल्लिंगाचा 'ल' आणि स्त्रीलिंगाचा 'ला' हा नामाचाच भाग समजून मुलाच्या कानावर घालावा. नियम सांगण्याची गरज नाही.

आणखी एक सूचना. फ्रेंच लेखनात अनेक अक्षरे लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत. म्हणून पहिले वर्षभर मुलांस लिपी दाखवूच नये; आधी कान, मग जीभ, शेवटी डोळा. देवनागरीत मी जे शब्द येथे लिहितो आहे, ते मोठ्यांच्या सोयीसाठी आहेत व अंदाजाचे आहेत. खरा उच्चार चित्रफितीतूनच घ्यावा.

एका आठवड्याचा पाठ

बऱ्याच खटपटीनंतर आमचा जो क्रम ठरला, तो देतो. एका आठवड्यास एकच चित्रफीत, तीही तीन-चार मिनिटांची. आमच्या घरी संपर्क येतो व जातो. म्हणून बाजारात गेलो की मी ती मोबाईलवर उतरवून घेई. यात एक लाभ अनायासे झाला. संपर्क बंद असल्याने पुढची चित्रफीत आपोआप सुरू होणे थांबले, आणि जाहिरातीही गेल्या.

पहिल्या दिवशी चित्रफीत दोनदा पाहावयाची, न थांबविता. काय घडले ते मुलांनी आपल्याच भाषेत सांगावयाचे. अर्थ आधी मातृभाषेत पक्का झाला की परका शब्द त्यावर बसतो.

दुसऱ्या दिवशी मध्ये मध्ये थांबवून पाहावयाची. चित्रात दूध आले की थांबावे व खरे दूध पुढे ठेवावे : 'ल ले'. पाणी आले की पेला पुढे करावा : 'लो'. भात आला की ताट : 'ल री'. आठवड्यास सहा-सात शब्दांहून अधिक घेऊ नयेत.

तिसऱ्या दिवशी मोबाईल कपाटात. त्या दिवशी नुसता खेळ. मी 'व्यँ इसी' म्हटले की मुलांनी जवळ यावयाचे, 'आस्ये-त्वा' म्हटले की बसावयाचे, 'दॉन-म्वा' म्हणून वस्तू मागितली की ती द्यावयाची. चुकेल त्याने अंगणास एक फेरी मारावयाची. मीच अधिक फेऱ्या मारल्या, व त्यामुळे मुलांचा उत्साह वाढला.

चौथ्या दिवशी पुन्हा चित्रफीत, पण आवाज बंद करून. चित्र चालू असता मुलांनी बोलावयाचे. येथेच खरी परीक्षा होते. जे मूल नुसते गात होते, ते गप्प बसते. ज्यास अर्थ कळला, ते बोलते.

पाचव्या दिवशी मुले शिक्षक व नानी विद्यार्थिनी. अम्मा मुद्दाम चुकीचे बोले. दूध मागावयाचे तर पाणी मागे. मुले हसून तिला दुरुस्त करीत. सबंध आठवड्यातील उत्तम शिक्षण त्या दिवशी होई, असे माझे मत आहे.

सहाव्या दिवशी गाणे. 'फ्रेर झाक' हे फ्रेंच बालगीत आम्ही प्रथम घेतले, कारण त्यात प्रत्येक तुकडा दोनदा येतो; एकदा मोठ्यांनी म्हणावा, एकदा मुलांनी. सातव्या दिवशी मेहुण्यांशी व्हिडिओ कॉल. शिकलेले सारे बापाशी बोलून दाखवावयाचे.

पडद्यासमोरचा वेळ दिवसास वीस मिनिटांहून अधिक होऊ दिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसास एका तासाहून अधिक पडदा नको, कमी असेल तितके बरे, आणि एक वर्षाखालील मुलांस तर मुळीच नको, असे सांगितले आहे. ज्या मातांस चित्रफीत लावल्याखेरीज मुलास घास भरविता येत नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चित्रफितीची निवड

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बोलणे सावकाश व स्पष्ट असावे आणि जे बोलले जाते तेच चित्रात दिसावे. दुसरी, एकच गोष्ट पुनःपुन्हा यावी. रंगांची व धांगडधिंग्याची गर्दी असेल तेथे शब्दाकडे लक्ष राहात नाही. तिसरी, ज्या मुलखात जावयाचे, तेथील बोली असावी. ही तिसरी गोष्ट आम्हांस उशिरा कळली. पॅरिसची फ्रेंच व क्वेबेकची फ्रेंच यांत, कोल्हापूरची व कारवारची मराठी यांत असावा तसा फरक आहे. क्वेबेकमध्ये ई व त्या अवघड स्वरापूर्वीचा त हा 'त्स' सारखा होतो. लहान यास पॅरिसचा माणूस 'पती' म्हणेल, तर क्वेबेकचा 'पत्सी'. जेवणाच्या वेळांची नावेही सरकलेली आहेत. पॅरिसमध्ये 'दीने' म्हणजे रात्रीचे जेवण, क्वेबेकमध्ये तेच दुपारचे. मुलाने शाळेत दुपारच्या डब्यासाठी रात्रीपर्यंत वाट पाहात बसू नये, एवढ्यासाठी हे ठाऊक असावे! क्वेबेकच्या दूरचित्रवाणीवर 'पास-पार्तू' नावाचा बालकांचा कार्यक्रम १९७७ पासून प्रसिद्ध आहे व २०१९ मध्ये तो नव्या रूपात आला. अशा कार्यक्रमांचे तुकडे आम्ही उत्तरार्धात घेतले.

शेवटच्या तीन महिन्यांत गाणी कमी करून आम्ही गरजेची वाक्ये घोटली. 'झे स्वाफ', मला तहान लागली आहे. 'झे माल ओ वाँत्र', माझे पोट दुखते. 'झ न कोंप्राँ पा', मला समजले नाही. शौचास जावयाचे आहे, हे सांगणे. आणि स्वतःचे नाव. रंग, फळे व प्राणी यांच्या यादीपेक्षा ही पाच वाक्ये मुलास पहिल्या दिवशी अधिक उपयोगी पडतात. चित्रफितींत ती क्वचितच असतात, कारण त्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाणारे मूल असते. वर्गाच्या कोपऱ्यात एकटे बसलेले मूल नसते.

आपली भाषा जाईल काय?

एके रात्री अम्मा माझ्याजवळ येऊन बसली. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते, की ही मुले तिकडे जाऊन फ्रेंच बोलू लागतील, ते ठीक. पण मग माझ्याशी कोण बोलणार? मी शिक्षक असूनही मजजवळ तयार उत्तर नव्हते.

युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणभाषेवरील ग्रंथात मातृभाषा हेच शिक्षणाचे उत्तम माध्यम होय, असा निष्कर्ष आहे. मातृभाषेत ज्याचा शब्दसंग्रह मोठा, गोष्ट सांगण्याची ज्यास सवय, त्यास दुसरी भाषाही चांगली येते. म्हणून आईबापांनी घरी तोडकीमोडकी फ्रेंच अथवा इंग्रजी बोलून आपली भाषा टाकणे, हे मुलाचे दुहेरी नुकसान होय. फ्रेंचसाठी वीस मिनिटे पुरेत. निजण्यापूर्वीची गोष्ट मात्र नानीची व दख्खनीतूनच, असा दंडक आम्ही त्या रात्रीपासून घातला. बहिणीने तो माँट्रियलला गेल्यावरही पाळावा, असे ठरले.

फळ काय मिळाले

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मुले गेली. तेव्हा भाची सात वर्षांची व भाचा पाच वर्षांचा होता. फळ सांगताना अतिशयोक्ती करणार नाही. वर्षभराच्या खटपटीने मुलांस फ्रेंच 'आली' नव्हती. भाचीस सुमारे दोनशे शब्द, तीस-चाळीस आज्ञा व काही वाक्ये कळत होती. शाळेत तिला स्वागतवर्गातच बसविले. पण पहिल्या दिवशी बाईंनी 'आस्ये-त्वा' म्हटले तेव्हा ती बसली, आणि दुपारी तिने पाणी मागितले. बहिणीने हे फोनवर सांगितले तेव्हा अम्माने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

भाचा मात्र सहा आठवडे शाळेत एक शब्द बोलला नाही. आम्ही घाबरलो. तेथील शिक्षिकेने सांगितले की, नव्या भाषेत पडलेली पुष्कळ लहान मुले आधी असा मौनाचा काळ काढतात. ती ऐकत असतात, त्यांस घाई करू नये. सातव्या आठवड्यात त्याने शेजारच्या मुलाकडे रंगाची पेटी मागितली : 'दॉन-म्वा'. आमच्या अंगणातील खेळातलेच ते वाक्य.

आता दर रविवारी रात्री आमच्याकडे व्हिडिओ कॉल येतो. येथे रात्र, तेथे सकाळ. पूर्वी बाप तिकडून फ्रेंच तपासत असे. आता अम्मा इकडून दख्खनी गोष्ट सांगते. ती मध्येच थांबते व विचारते, "फिर क्या हुआ?" मुलांनी उत्तर दिल्याखेरीज गोष्ट पुढे जात नाही. तिने कोणतेही प्रयोग वाचलेले नाहीत, पण पडद्यावरून भाषा कशी शिकवावी हे तिला माझ्या आधी कळले असते, असे मला आता वाटते.

समारोप

आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांची मुले माँट्रियलला जातील. परंतु घरी कोकणी, मराठी वा दख्खनी बोलणारे मूल पहिल्या इयत्तेत कन्नड शाळेत जाऊन बसते, तेव्हा त्याची स्थिती माझ्या भाच्याहून फारशी निराळी नसते. कन्नड शिक्षणात 'नलि-कलि', म्हणजे आनंदाने शिका, ही पद्धत १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे येथे सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. खेळ, गाणी व कृती यांवर तिचा भर आहे. तिच्या जोडीस कन्नड बालगीतांच्या व गोष्टींच्या चित्रफिती आज घरोघर मिळू शकतात. शाळेत जाण्यापूर्वीच्या वर्षी रोज वीस मिनिटे, वर सांगितलेल्या क्रमाने, हे काम कोणतेही घर करू शकेल. आईस कन्नड येत नसले तरी चालेल; माझेही फ्रेंचचे तसेच होते. मोबाईल मुलाच्या हाती देऊन आपण उठून जाऊ नये, मुलाशेजारी बसावे, मध्येच थांबवावे, विचारावे, आणि चुकलो तर त्याच्याबरोबर अंगणास फेरी मारावी, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

ज्यांस हा क्रम करून पाहावयाचा असेल, त्यांस मी शाळा सुटल्यावर केव्हाही भेटेन. अम्माही येऊन बसेल. तिला आता विद्यार्थी हवेच आहेत.